गाइड पथक : तीन वर्षांच्या वापरानंतर

मिक्सर झाला, इन्व्हर्टर झाला, तालमीशेजारच्या भेळेचाही रिव्ह्यू लिहून झाला. आता लेकीच्या शाळेतल्या गाइड पथकाचा लिहितो. पाचवीत नाव घातलं, आता पोरगी आठवीत आहे. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड का कापला ते पुढं येईलच.

आधी माझी बाजू सांगतो. सांगलीत मारुती चौकाजवळ माझं मेडिकल आहे. मला वाटायचं, स्काउट-गाइड म्हणजे १५ ऑगस्टला कडक इस्त्री करून उभं राहायचं आणि पाहुण्याला तीन बोटांचा सॅल्यूट ठोकायचा. नाव घालताना ऑफिसात माझ्यापुढं उभ्या असलेल्या गृहस्थांचा पहिला प्रश्न होता, दहावीला गुण किती वाढतात? खोटं कशाला बोलू, माझाही दुसरा प्रश्न तोच होता.

पथकाच्या बाई म्हणाल्या, "गुणांचं दहावीत बघू. पहिल्यांदा दोरी आणा, तीन मीटर."

ती दोरी आमच्या घरात वर्षभर नांदली. दाराच्या कडीला क्लोव्ह हिच, खुर्चीला बोलाइन, माझ्या चपलांच्या जोडाला रीफ नॉट, अशा गाठीच गाठी. चिडचिड व्हायची. पण रीफ नॉट मी नीट बघितली ती दुकानात. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे, म्हणजे विचार करा. तेव्हा औषधांचे बॉक्स मी सुतळीनं बांधून माडीवर चढवले होते. भिजलेल्या सुतळीची गाठ काय सुटते? ब्लेड मारत बसलो. घाईत ब्लेड बॉक्समध्येही घुसलं आणि सलाइनच्या चार बाटल्या फुटल्या. गेल्या पावसाळ्यात पाणी पुन्हा चाळिसाच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं, तेव्हा बॉक्स लेकीनं बांधले. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून, दोन्ही बाजूंना सारखी, चपटी गाठ. सोडताना एक टोक उलट दिशेला खेचलं की गाठ ढिली पडून सरळ घसरते. "बाबा, ही बांधायला. ह्यानं ओझं खाली सोडायचं नाही हं, त्याला दुसरी." चाळीस बॉक्स वर गेले आणि चार दिवसांनी तसेच खाली आले. पूर काही आला नाही. दोऱ्या मात्र अजून वापरात आहेत.

ती दुसरी गाठ त्यांना बाईंनी शिकवलेली नाही. लेकीच्या टोळीत, म्हणजे पथकातल्या तिच्या गटात, आठ मुली आहेत. एक डॉक्टरांची, एक रिक्षावाल्याची, एकीचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या वखारीत हमाल. बाईंनी त्यांनाच एका शनिवारी शाळेत बोलावलं. बिचारे आधी दारातच घुटमळत होते. मग पोतं कसं आवळायचं, दोन पोती एका दोरात कशी धरायची, ओझं पाठीवर घेताना कंबर कुठं ठेवायची, असा तासभर वर्ग घेतला. डॉक्टरांची पोरगी त्यांना 'सर' म्हणत होती. ह्या तासाला मी एक अख्खा स्टार देतो. एरवी सांगलीत ह्या दोन घरांची गाठ पडायची ती फक्त दवाखान्यात, टेबलाच्या अल्याड-पल्याड.

पुढं कळलं की मूळ कल्पनाच अशी होती. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं १९०७ साली इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा वीसेक पोरांत बड्या शाळांतली आणि कामकरी घरांतली अशी दोन्ही मिसळून घेतली होती. पोरींचं प्रकरण तर आणखी भारी. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा मेळावा भरला, तिथं काही मुली न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या, आम्हालाही घ्या म्हणून. १९१०पासून गाइड सुरू. आमच्याकडं ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी ऐकवली जाते, बहुतेक वेळा मी कशाला तरी नको म्हटल्यावर.

आता 'खरी कमाई'. पोरांनी स्वतः खपून पैसे मिळवायचे, असा तो उपक्रम. ह्यांच्या टोळीनं भडंग विकलं. १० रुपयांचा एक पुडा, असे ४६ पुडे गेले. चुरमुरे आणि कागद १४८ रुपये, म्हणून नफा ३१२. घरी नुसता दंगा! बाईंनी वहीवर नजर टाकली आणि विचारलं, "तेल कुणाचं? शेंगदाणे, लसूण, डाळं, मसाला?" सगळं घरनं उचललेलं. दुसऱ्या दिवशी आठजणी किराणा दुकानात भाव विचारत उभ्या. २६५ रुपये निघाले, नफा उरला ४७. लेक त्या रात्री जेवताना गप्प होती. मग म्हणाली, "आईचं कामही रोज असंच फुकट धरतोय ना आपण?" बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं.

रोज एक सत्कृत्य करून वहीत लिहायचं असतं. पहिला महिनाभर रोज 'आईला कामात मदत केली'. बाईंनी लाल पेनानं लिहिलं, 'हे तुझंच काम आहे, सत्कृत्य कुठं आहे?' मग पोरगी बोळात फिरायला लागली. आमच्या बोळात एकट्या राहणाऱ्या आज्जी आहेत. त्यांच्या बीपीच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात, आणि त्या संपल्यावर पाच-सहा दिवसांनी येतात हे मला अनेक वर्षं माहीत होतं. मी काय केलं? काही नाही. लेक दर रविवारी जाऊन पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजते.

"काय करायलीस गं रोज रोज?"

"मोजायलोय आज्जी, गप बसा की."

पाणी वाढायला लागलं तेव्हा ह्याच आठजणींनी कुणी न सांगता बोळाची यादी केली: तळमजल्यावर कोण, चालता कुणाला येत नाही, कुणाला कुठली औषधं चालू, कुणाचा मुलगा पुण्यात आणि त्याचा फोन नंबर काय. दोन पानं झाली. एक प्रत माझ्या काउंटरला चिकटवली आहे.

सहल म्हणाल तर दंडोबाचा डोंगर. बिनभांड्याचा स्वयंपाक केला: निखाऱ्यात बटाटे, हळदीच्या पानात पानगे. पानगे आत कच्चे होते म्हणे, पण खाल्ले. वाटेत दगड-काड्यांच्या खुणा मांडत एक टोळी पुढं जाते, दुसरी शोधत येते. शेवटची खूण म्हणजे वर्तुळात ठिपका : मी घरी गेलो. बेडन-पॉवेल १९४१ साली वारला, केनियात न्येरीला त्याची कबर आहे, तिच्या दगडावर हीच खूण कोरली आहे. आमची हल्ली क्लासला जाताना देवघराच्या पाटीवर उलट खूण काढून जाते, नुसतं वर्तुळ, ठिपक्याशिवाय. ही तिची स्वतःची, पुस्तकातली नव्हे.

आता कापलेले दीड स्टार.

अर्धा स्टार उन्हाचा. एका कार्यक्रमाला पाहुणे दोन तास उशिरा आले, पोरी तोवर मैदानात उभ्या. दोघींना चक्कर आली. प्रथमोपचार टोळीनंच केले, त्याचंच भाषणात कौतुक झालं! अहो, सावलीत बसवलं असतं तर? दुसरा अर्धा शिबिराच्या संडासांचा. नव्वद मुलींना दोन. मुलींचं शिबिर घेणाऱ्यांना हे सांगावं लागू नये. उरलेला अर्धा कागदांचा. गाइडच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आठ महिन्यांनी आलं, तेही नावात चूक घेऊन.

आणि सगळीकडं असंच पथक मिळेल ह्या भ्रमात राहू नका. मध्यंतरी सरकारनं शाळांतल्या पोरांना दुसरा गणवेश स्काउट-गाइडच्या धर्तीचा दिला होता. कपडे अंगावर आले, गाठ बांधायला शिकवणारं माणूस कुठून आणायचं? माझ्या मेहुण्याच्या पोराच्या शाळेत पथक आहे ते फी पावतीवर. म्हणून नाव घालायच्या आधी एकच विचारा : टोळीची बैठक कुठल्या वारी असते? वार पटकन सांगता आला तर घाला.

खर्च फार नाही. ड्रेस वाढत्या मापाचा शिवा, शिट्टी भारीतली घेऊ नका, हरवते. स्कार्फ मात्र दोन घ्या. एक कायम कुणाच्या तरी मुरगळलेल्या पायाला बांधलेला असतो आणि परत येत नाही.