वर्षाचे पैसे घेतले, नेट चाललं महिनाभर

११,९३९ रुपये. वर्षाचा प्लॅन ७,९९९, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९,४३९, वर नव्या राउटरचं डिपॉझिट २,५००. घेणारा कुणी परका नव्हता. आमच्या पोफळीवरून वायर ओढून घरात नेट आणून देणारा, दर महिन्याला ओटीवर बसून चहा पिणारा मुलगा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत असाच एकजण असतो, म्हणून लिहिते आहे.

आषाढात आला. "काकी, गणपतीआधी वर्षाचं भरून टाका. चाकरमानी आले की लोड येतो, वार्षिकवाल्यांना स्पीड आधी." गणपतीत मुलगा-सून इथून काम करतात, दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, आणि मोबाईलची रेंज हवी तर सड्यावर चढावं लागतं. नेटवाचून आमचं किती अडतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

पावतीपुस्तकावर चिकटवलेला क्यूआर त्याने पुढे केला. स्कॅन केला तर कंपनीचं नाव नाही, कुणा बाईचं नाव आलं. मी विचारलं. "फ्रँचायझीवाल्यांच्या मिसेसचं खातं आहे, सगळं कलेक्शन तिथेच जातं." तिथेच पैसे अडवायला हवे होते, हे आता दिवसातून दहादा मनात येतं. पण मला सांगा, गावात दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत कुणाचं खातं बायकोच्या नावावर नसतं? ओळखीच्या माणसावर कुणी किती संशय घ्यायचा? पावतीवर जीएसटीची रक्कम लिहिली होती, जीएसटी नंबरची जागा मात्र कोरी. म्हणजे कराचे १,४४० रुपयेही त्याच्याच खिशात.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेसेज आला: रिचार्ज झाला, वैधता ३० दिवस. फोन केला तर म्हणाला, "सिस्टीमला महिन्या-महिन्यानेच पडतं, काकी." नेट व्यवस्थित चालू होतं.

ऐन गणपतीच्या तोंडावर बंद पडलं. राउटरवर लाल दिवा असता तर वायर तुटली म्हटलं असतं. दिवे सगळे हिरवे, आणि कुठलंही पान उघडा, 'प्लॅन संपला'. त्याने आमच्या नावावर ४९९ चा मासिक प्लॅन मारला होता, करासह ५८९. उरलेले ११,३५० घेऊन फोन बंद. वाडीतल्या आणखी घरांतून असेच पैसे गेलेत.

कंपनीने हात वर केले. "तो आमचा कर्मचारी नाही, फ्रँचायझीचा माणूस." फ्रँचायझी म्हणते, त्याला काढला. मग कंपनीच्या नावाची पावतीपुस्तकं त्याच्या हातात कशी? कंपनीचा टी-शर्ट अंगात कसा? तक्रार नोंदवली की संध्याकाळी मेसेज: तक्रारीचे निराकरण झाले. कुणी केलं निराकरण? घरी तर कुणी फिरकलं नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात साहेबांनी अर्ज वाचायच्या आधीच सांगितलं, "हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा." खोटी पावती देऊन घरोघर पैसे उकळणं दिवाणी? पोच मागितली तर उद्या या. उद्या गेलं की साहेब बंदोबस्ताला.

ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची नियामक संस्था, वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, तिथे वेळ घालवू नका. आधी कंपनीकडून तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या, मग त्यांच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करा. हे दोन्ही टप्पे ट्रायच्याच २०१२ च्या नियमांत आहेत, पण कॉल सेंटरवाले अपिलाचं नाव काढत नाहीत. ऑनलाइन पैसे गेले की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, पैसे पुढे सरकले की परत मिळणं कठीण. ग्राहक हेल्पलाइन १९१५. दूरसंचारच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कुणी ऐकवलं तर मानू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्या चालतात असं स्पष्ट केलं आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही.

पैसे भरायचे ते कंपनीच्या ॲपवरून. घरी आलेल्याच्या क्यूआरवर एक रुपया टाकू नका, तो सख्खा भाचा असला तरी. बिलावर १५ आकडी-अक्षरी जीएसटी नंबर हवाच, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. भरल्यावर ॲपमध्ये संपण्याची तारीख तो माणूस ओटीवर असतानाच बघा. राउटरच्या डिपॉझिटची पावती वेगळी घ्या.

ग्राहक कायद्यात एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि आम्ही ती करतो आहोत. आमच्या भागात ज्यांनी त्या क्यूआरवर पैसे टाकलेत त्यांनी पेमेंटचा स्क्रीनशॉट, पावती आणि ३० दिवसांचा तो मेसेज पुसू नका. तिन्हींच्या झेरॉक्स आमच्याकडे आणून द्या.