सांगलीच्या गावभागात भाड्यानं राहताना : पावसाळा ते उन्हाळा

सांगलीतली बहुतेक माणसं नदीकाठच्या जुन्या गावातून विश्रामबागेच्या नव्या वस्तीकडे राहायला जातात. आम्ही उलटं आलो. आईला आता रिक्षाशिवाय कुठं जाता येईना आणि विश्रामबागेत दूध सोडलं तर बाकी सगळं लांब. म्हणून गेल्या जूनमध्ये गावभागात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. इथं घर बघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पाण्याचं. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा नदीलगतच्या सखल भागांत सगळ्यात आधी शिरतं. गावभागात गल्लीगणिक फरक पडतो. त्यामुळे घर दाखवणाऱ्याला "इथं पूर येतो का?" असं विचारू नका, सगळे "नाही हो, एवढं काही नाही" म्हणतात. "2005, 2019 आणि 2021 ला या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी होतं?" असं विचारा. शेजारच्या दुकानदारालाही तेच विचारा. पायरी कुणी विसरलेलं नाही. आणि विजेचं मीटर, पाण्याची मोटर कुठं आहे ते स्वतः बघा. घर वरच्या मजल्यावर असलं तरी मोटर तळमजल्यावर बुडाली की नळ कोरडा. आमच्या इमारतीत 2019 नंतर मीटर आणि मोटर जिन्याच्या वळणावर उचलून बसवलंय, मी घर पक्कं केलं ते मुख्यतः यासाठी.

पावसाळाभर सकाळी पहिलं काम म्हणजे मोबाईलवर पातळी बघणं. कोयनेतून किती सोडलं, आयर्विनला किती झालं, वारणेला फुगवटा आहे का. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. ती भरून असली की कृष्णेचं पाणीही लवकर उतरत नाही. गल्लीतल्या बायका हे इतकं सहज बोलतात की ऐकून ऐकून मलाही अंदाज यायला लागलाय.

आता ज्यासाठी आलो ते. आई रोज एकटी बाहेर पडते! गणपतीचं देऊळ, शिवाजी मंडई, हरभट रोडवरचा औषधवाला, सगळं चालत. थंडीत कृष्णाकाठची वांगी येतात तेव्हा ती दोनदा मंडईत जाऊन भाव करून येते. गणपती पेठेत हळद, मिरची, गूळ होलसेलच्या दुकानातून किलोकिलोनं मिळतो. विश्रामबागेत आई दुपारी टीव्हीपुढे बसलेली असायची. इथं तिच्या ओळखी माझ्यापेक्षा जास्त आहेत. भाद्रपदात संस्थानच्या गणपतीची पाचव्या दिवशीची मिरवणूक सरकारी घाटाकडे गेली, ती तिनं रस्त्याकडेला खुर्ची टाकून शेवटपर्यंत बघितली. माझ्या दृष्टीनं भाडं तिथंच वसूल झालं.

त्रासही आहेत. चारचाकीला जागा नाही, म्हणजे नाहीच. आमची अजून विश्रामबागेत भावाच्या दारात उभी असते. सणाच्या आधी मारुती रोड, कापड पेठ इथून दुचाकीही निघत नाही. मोठा पाऊस झाला की नदीचं पाणी नसतानाही मारुती चौकात तळं साचतं. जुन्या बांधकामाच्या भिंतींना दिवाळीपर्यंत ओल राहते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, गाद्यांना ऊन द्या. लिफ्ट कुठंच नाही, त्यामुळे पहिल्या मजल्याच्या वरचं घर म्हाताऱ्या माणसासाठी घेऊ नका.

नदीबद्दल मात्र मनापासून वाईट वाटतं. संध्याकाळी घाटावर बसायला इतकी सुंदर जागा साऱ्या सांगलीत दुसरी नाही, आणि त्याच नदीत शेरीनाल्यातून शहराचं सांडपाणी जातं. उन्हाळ्यात धार बारीक झाली की वास येतो. पोहायचा विचार असेल तर आधी तिथल्या रोजच्या पोहणाऱ्यांना विचारा. या पट्ट्यात मगरी आहेत.

भाडं विश्रामबागेतल्या तेवढ्याच जागेपेक्षा कमी पडलं. अनामत थोडी जास्त मागतात, घासाघीस चालते. करार पुढच्या महिन्यात संपतोय, आम्ही तो वाढवतोय. मालकांकडे एकच मागणी केलीय, जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवून द्या.