विकायला काढलेल्या घराला रंग दिला, आणि मग त्याच घरात आठ महिने राहिलो

विकायच्या घराला रंग दिला की सगळे धरून चालतात, महिना-दोन महिन्यात चावी दुसऱ्याच्या हातात जाणार, मग तो रंग टिकतो का नाही याचं कोणाला काय पडलंय. आमचं घर जायला आठ महिने लागले. म्हणजे विक्रीसाठी सजवलेल्या घरात आम्ही पाच माणसं आठ महिने राहिलो, वर बघायला येणाऱ्यांची ये-जा चालूच, आणि कुठला खर्च कामी आला, कुठला पाण्यात गेला ते सगळं डोळ्यासमोर घडलंय. म्हणून लिहितोय, लांबलंय, सांभाळून घ्या.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगून टाकतो. हॉलला हलका ग्रे. तेव्हा जिकडे बघावं तिकडे ग्रे दिसायचा, शेड कार्डवरही मस्त वाटला, एजंटही म्हणाला चालेल. पेंटरने घासून, पुट्टी भरून, प्रायमर मारून दोन हात दिले, आणि संध्याकाळी दिवे लावले तर भिंती चक्क जांभळट! बायको दारातच उभी राहिली, म्हणाली हा आपण निवडलेला रंग नाही. पेंटर डब्याचं झाकण आणून नंबर दाखवतोय, कार्डशी जुळवून बघितलं तर नंबर बरोबर, रंग पण बरोबर. गडबड होती आमच्या फरशीची. फरशी पिवळसर क्रीम, ती बदलायची नव्हतीच, आणि पिवळ्याच्या शेजारी साधा ग्रे ठेवला की डोळ्याला तो निळसर-जांभळा दिसतो. आपण फक्त भिंत बघतोय असं आपल्याला वाटतं, डोळा मात्र भिंत आणि फरशी एकत्रच बघत असतो.

नंतर वाचताना कळलं की ही भानगड फार जुनी आहे. मिशेल शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं बनायची, रंगाईचं काम बघायचा, तिथे तक्रार असायची की काळी लोकर हवी तेवढी काळी दिसत नाही. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, बाजूला जे धागे विणलेले असायचे त्यांच्यामुळे काळा मरायचा. १८३९ मध्ये त्याने हे सगळं सविस्तर छापलं. आणि आम्ही इतक्या वर्षांनी हॉलभर रंग मारून तेच शोधून काढलं.

तर दुसऱ्यांदा निवडताना भिंतीकडे बघितलंच नाही. फरशी, किचनचा ओटा, बाथरूमच्या टाइल्स, म्हणजे जे बदलायचं नाही ते आधी धरलं आणि त्याला चालणारा रंग शोधला. छोटे सॅम्पल डबे घेतले, मोठे पांढरे पुठ्ठे घेतले, कडेने पांढरी पट्टी सोडून प्रत्येकावर दोन कोट दिले आणि पुठ्ठा थेट फरशीला टेकवून उभा केला. जुन्या भिंतीवर पट्टे मारून बघू नका, मागचा जुना रंग पुन्हा तोच खेळ करतो. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, दिवे लावून बघितलं, प्रत्येक खोलीत फिरवलं. दोन दिवस गेले, पण त्यानंतर एकदाही पस्तावलो नाही. आणखी एक गोष्ट, कार्डवरचा चौकोन जेवढा हलका वाटतो त्यापेक्षा चारी भिंतींना तोच रंग जास्त गडद आणि जास्त भडक उतरतो, कारण एका भिंतीवरचा रंगीत उजेड समोरच्या भिंतीवर जाऊन पडतो. त्यामुळे आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घेतली.

शेवटी ठरला थोडा उबदार ऑफ-व्हाइट, एलआरव्ही ७५ च्या आसपास. एलआरव्ही म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा, बऱ्याच कंपन्या शेडच्या माहितीत देतात. मी आधी त्याकडे ढुंकून बघायचो नाही, आता नावाआधी हा आकडा बघतो. नावं काय, काहीही ठेवतात हो.

पण आकडा मोठा म्हणजे खोली उजळली असं नाही. मागच्या छोट्या बेडरूमला ऊन येतच नाही, तिथे अगदी शुभ्र पांढरा मारला म्हणजे उजेड वाटेल अशी माझी समजूत. झालं उलटं, खोली राखाडी आणि उदास दिसायला लागली, कारण परत फेकायला मुळात उजेडच नाही. तिथे रंगापेक्षा बल्बने काम केलं.

बल्बबद्दल तर मी येईल त्याला सांगत सुटलोय. आमच्या घरात एका हॉलमध्ये तीन प्रकारचे दिवे होते, एक पिवळा २७०० केल्विनचा, एक मधला, आणि ट्यूबलाइट ६५०० ची निळसर (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तेवढा पिवळा, जास्त तेवढा निळसर). एकच भिंत तीन ठिकाणी तीन रंगांची दिसायची आणि फोटोत तर फारच घाण. सगळीकडे ४००० नको, ६५०० नको, ३००० केल्विन एकच ठरवला आणि खोक्यावर सीआरआय ९० च्या पुढे लिहिलेले बल्ब घेतले. सीआरआय म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, तो कमी असला की रंग मेल्यासारखे दिसतात, लाकूड आणि माणसाचा चेहरा जास्तच. सगळ्या सजावटीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच होती, आणि आम्ही ती सगळ्यात शेवटी केली.

आता टिकण्याचं. हॉल आणि पॅसेज दोन्हीकडे मॅट, म्हणजे बिनचमकीचा फिनिश घेतला होता. मॅट दिसतो सुंदर, भिंतीचे उंचवटे-खळगे लपवतो, फोटोत चमक मारत नाही. घर दोन महिन्यात गेलं असतं तर मी इथे मॅटचं गुणगान गायलं असतं. तिसऱ्या महिन्यात पॅसेजची अवस्था अशी की स्विचबोर्डभोवती बोटांचे काळे डाग, कमरेच्या उंचीवर बॅगांचे ओरखडे, मुलांच्या चपला ठेवायच्या जागी तर विचारूच नका. ओल्या फडक्याने पुसलं की डाग जातो पण तेवढी जागा चकाकते, मग डागापेक्षा ती चकाकीच जास्त दिसते. टच-अप केलं तर तिरप्या उजेडात ठिगळ दिसतं. शेवटी पॅसेजची अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सॅटिनमध्ये, म्हणजे हलकी चमक असलेल्या फिनिशमध्ये, पुन्हा केली आणि पुढचे पाच महिने नुसतं पुसून भागलं. मात्र सॅटिनला पुट्टी आणि घासाई चोख लागते, नाहीतर प्रत्येक लाट दिसते. हॉलचा मॅट तसाच ठेवला, तिथे हात कमी लागतात.

टच-अपवरून आठवलं, मशीनवर बनवलेली शेड पुन्हा मागवली की अगदी तशीच येईल याची खात्री नसते. एका भिंतीला लागणारे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या आणि थोडा रंग घट्ट झाकणाच्या बरणीत काढून ठेवा. आम्ही पहिल्या वेळी ठेवला नव्हता, दुसऱ्या वेळी ठेवला.

दारं. आतली दारं आणि चौकटी पांढऱ्या ऑइल पेंटने केल्या, कारण पेंटर म्हणाला कडक राहतो. कडक राहिला. पण सहाव्या महिन्यात लक्षात आलं की कायम उघडं राहणारं दार भिंतीकडच्या बाजूने पिवळं पडलंय आणि कपाटाची आतली बाजू तर अजूनच. पांढरा ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारी नवी ऑफ-व्हाइट भिंत असल्यामुळे ते उठून दिसायचं. पुन्हा करायचं झालं तर दारांना तेलाऐवजी पाण्यावर बनलेला इनॅमल. याउलट मुख्य दार गडद निळं केलं, त्याचं मात्र आठ महिने येणाऱ्या प्रत्येकाने कौतुक केलं.

गडद रंगाचा दुसरा प्रयोग फसला. मोठ्या बेडरूममध्ये पलंगामागची भिंत गडद हिरवी-निळी केली. फोटोत झकास, पण आत पाऊल टाकलं की खोली लहान झाल्यासारखी वाटायची, लोक दारातूनच बघून मागे फिरायचे. चौथ्या महिन्यात ती झाकायला घेतली तर प्रायमर मारून वर तीन कोट गेले तेव्हा कुठे खालचा रंग दिसायचा थांबला. गडद रंग वाईट असतो असं म्हणत नाहीये, मला स्वतःला आवडायचा, पण ती हौस राहत्या घरात करावी. विकायच्या घरात घेणाऱ्याला ती भिंत म्हणजे आधी घालवायचं एक काम वाटतं.

ओलीबद्दल जरा स्पष्ट बोलतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीला एक डाग होता. पेंटर म्हणाला खरवडून पुट्टी मारतो, कळणार पण नाही. मारली. सात-आठ आठवड्यांनी तिथेच पिवळसर कडेचं वर्तुळ, खाली पांढरी पावडर, पोपडे. ती पावडर म्हणजे भिंतीतले क्षार, पाण्याबरोबर बाहेर येतात, आणि आतून पाणी येतंय तोवर वरून काहीही लावा, सुटणारच. त्यातून नेमके त्याच दिवशी एक जोडपं बघायला आलं होतं, बाईंनी बोट लावून पावडर बघितली आणि दोघं एकमेकांकडे बघून गप्प. पुढे एक शब्द बोलले नाहीत. गळका पाइप काढून दुरुस्त केला, भिंत बरेच आठवडे सुकू दिली, मग डाग अडवणारा प्रायमर, मग रंग. आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला मी आपणहून सांगायचो, इथे गळती होती, अशी दुरुस्ती केली, हे बिल. बिल बघून उलट लोकांचा विश्वास बसायचा.

सामानाचं म्हणाल तर रंगापेक्षा त्यानेच जागा मोठी वाटली. एक तृतीयांश फर्निचर बाहेर काढलं, चालायच्या वाटा मोकळ्या केल्या, पडद्याचे रॉड छताजवळ नेले आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त लांब घेतले, म्हणजे पडदा उघडला की काच पूर्ण मोकळी. आरसा खिडकीसमोर लावला. आधी चुकून कपाटासमोर लागला होता, मग पसारा दुप्पट दिसायचा! कुशन, फुलदाण्या, खोटी झाडं हे सगळं आणलं होतं, त्याबद्दल आठ महिन्यात कोणी एक अक्षर बोललं नाही. धूळ मात्र आम्हीच पुसली.

एक गोष्ट केली त्याचं वाईट वाटतं. एजंट म्हणाला आईंची ती जुनी खुर्ची काढा, सगळ्या सेटिंगमध्ये बसत नाही. काढली. आई काही बोलली नाही, पण गुडघे दुखतात, सोफा खोल, तर ती पलंगाच्या कडेवर बसायला लागली. दोन महिने आमच्या लक्षातच आलं नाही, कारण आम्ही घराकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने बघत होतो. मग खुर्ची परत आणली, खिडकीशी ठेवली, वर साधी खोळ घातली. "बघ, आता तुझ्या भिंतीला पण मॅच होतेय," असं आई म्हणाली. कुठल्याही गिऱ्हाइकाने खुर्चीमुळे घर नाकारलं नाही.

रोज राहायचं कसं, तर झाकणाचे दोन मोठे खोके ठेवले. फोन आला की चार्जर, वह्या, औषधं, टॉवेल, सगळं त्यात आणि खोके गाडीत. वीस मिनिटांत घर तयार व्हायचं. आणि रूम फ्रेशनर फवारू नका, एकाने सरळ विचारलं की कसला वास लपवताय. खिडक्या उघडा, बास.

फोटोंची पण चूक झाली. पहिले फोटो मोबाइलच्या वाइड लेन्सने काढले, हॉल मैदानासारखा दिसत होता. लोक यायचे आणि दारातच म्हणायचे, "फोटोत मोठा वाटला होता." म्हणजे आत येण्याआधीच नाराज. नंतर साध्या लेन्सने, छातीच्या उंचीवरून, भिंती सरळ उभ्या ठेवून काढले. फोन कमी आले, पण जे आले ते घर नीट फिरून बघायचे, कपाटं उघडायचे, पाणी किती वाजता येतं ते विचारायचे.

मार्क द्यायचे तर बल्ब १० पैकी १०, सामान कमी करणं ९, ऑफ-व्हाइट ८, पॅसेजचा सॅटिन ८, हॉलचा मॅट ६, ऑइल पेंटची दारं ४, पहिला ग्रे आणि ती गडद भिंत शून्य. रंगामुळे भाव किती वाढला ते मला सांगता येणार नाही, एकच घर एकदाच विकलंय. पण शेवटचे चार महिने कोणी भिंतींबद्दल काही बोललंच नाही, सरळ खोल्या मोजायचे आणि आपला पलंग कुठे बसेल ते बोलायचे, आणि मला वाटतं तेव्हाच रंग बरोबर बसला.

ज्यांनी घर घेतलं त्यांनी चावी घेताना एवढंच विचारलं की मुख्य दाराचा निळा कुठला. त्याचा आणि हॉलचा उरलेला रंग दोन बरण्यांत होता, झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवून आलोय.