डेफब्लाइंड माणसासाठी यूडीआयडी कार्ड आणि संजय गांधी योजना, आमचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. यूडीआयडी म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, ते कार्ड मिळतं, संजय गांधी योजनेची महिन्याची पेन्शन पण सुरू होते, घ्याच, सोडू नका. पण ज्याला ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही अशा माणसाला हे एकट्याने करता येईल अशी सोय त्यात कुठेच नाहीये. म्हणून पाचपैकी तीन स्टार, आणि त्यातला एक अख्खा कानांची तपासणी करणाऱ्या एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमचा आहे, त्यांचं पुढे येतंच.

माझ्या दादाला अशर सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासून ऐकायला कमी आणि मग कॉलेजच्या वयात रातांधळेपणा सुरू होऊन नजर कडेकडून आत आत आकसत गेली. त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं पण लहानपणचं, फक्त कर्णबधिर लिहिलेलं. अशी खूप माणसं आहेत, कर्णबधिर शाळेत शिकलेली, कागद तेव्हाचाच, नंतर डोळे गेले त्याची नोंदच नाही. दिव्यांगांच्या १९९५ च्या कायद्यात डेफब्लाइंड कुठे नव्हतंच, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले त्यात बहुविकलांगतेखाली ते नाव घेऊन लिहिलंय. त्यामुळे जुन्या कागदावर थांबू नका, परत तपासणी करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॉस्पिटलात डोळ्यांची तपासणी एका वारी आणि कानांची दुसऱ्या, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्यापुरतं सर्टिफिकेट देऊन मोकळे व्हायला बघतात. घेऊ नका तसं. अर्ज भरतानाच दोन्ही अपंगत्वं टाका आणि तिथे स्पष्ट सांगा की आम्हाला बहुविकलांगता, डेफब्लाइंडनेस अशीच नोंद पाहिजे. टक्क्यांची नुसती बेरीज करत नाहीत, त्याचं सूत्र ठरलेलं आहे: मोठा आकडा घ्यायचा, तो ९० मधून वजा करायचा, उरेल त्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा डोळ्यांचं ७० आणि कानांचं ४५, तर ७० मध्ये १० मिळून ८० होतात. हे ८० फार कामाचे. २०२४ च्या नियमांप्रमाणे ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० पासून ८० च्या आत पिवळं आणि ८० पासून निळं. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला ८० लागतात (शिवाय बीपीएल), जुन्या टॅक्स पद्धतीत दिव्यांगांची वजावट (८०यू म्हणतात ती) ७५ हजारांवरून सव्वा लाख होते ती पण ८० लाच. म्हणजे एक कागद कमी घेतलात तर किती ठिकाणी मार बसतो बघा.

दादाच्या डोळ्यांच्या तपासणीत तर मी रडकुंडीला आले होते. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं तो अजून बऱ्यापैकी वाचतो, म्हणून तिथले डॉक्टर म्हणाले ह्यांना तर दिसतंय की. अहो दिसतंय पण नळीतून बघावं तेवढंच, बाजूला उभा असलेला माणूस दिसत नाही, जिन्याची पायरी दिसत नाही. फील्ड टेस्ट, म्हणजे नजर बाजूला कुठपर्यंत पोचते ते मोजणारी तपासणी, ती करा म्हणून मी अडून बसले. कायद्यातच आहे, नजरेचं फील्ड १० अंशांच्या आत असेल तर ते अंधत्वच. अशर किंवा आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, ह्यात नजर अशीच आकसत जाते) असलेल्या घरांनी फील्ड टेस्टचा रिपोर्ट आधीच काढून बरोबर न्यावा, ही माझी कळकळीची विनंती.

कानांच्या तपासणीत उलटं झालं. आवाज आला की हात वर करा, हे मॅडमनी मला नाही, दादाला सांगितलं. त्याचा हात आपल्या हातात घेतला, तळहातावर बोटाने अक्षरं कशी काढायची ते माझ्याकडून समजून घेतलं आणि मग स्वतः काढून सांगितलं. वेळ लागला, बाहेर रांग होती, तरी घाई केली नाही. बाकी सगळीकडे प्रश्न मलाच, ह्यांचं वय काय, ह्यांना काय होतंय, आणि दादा बाजूला बसलेला, त्याच्याबद्दल काय बोलणं चाललंय ह्याचा त्याला पत्ताच नाही. चाळिशीचा माणूस आहे तो, इंजिनिअरिंग ड्रॉइंग करायचा.

पेन्शनसाठी तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूत अर्ज करायचा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, रेशन कार्ड, आधार जोडलेलं बँक खातं आणि हे सर्टिफिकेट. दिव्यांगांना वर्षाला ५० हजारांची उत्पन्नाची मर्यादा आहे, ती मला फार कमी वाटते, कारण डेफब्लाइंड माणसाबरोबर घरातलं एक माणूस पूर्णवेळ अडकतं, त्याची कमाई बुडते, ते कुठेच धरत नाहीत. रक्कम १५०० होती, सप्टेंबर २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५०० करायचा निर्णय झाला, ते मात्र चांगलं झालं.

ऑनलाइनचं काय सांगू. चित्रातला कॅप्चा दिसत नाही, ऐकायचा दिला तर ऐकू येत नाही, आणि ओटीपी ब्रेल डिस्प्लेवर (स्क्रीनवरची अक्षरं बोटांना ब्रेलमध्ये देणारं यंत्र) वाचेपर्यंत संपतो. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधला, जगण्याचा हक्कच आहे, तेव्हा सरकारी फॉर्म बनवणाऱ्यांनी डेफब्लाइंड माणसाला समोर बसवून फॉर्म एकदा भरून घ्यावा, प्लीज. तोपर्यंत घरच्यांनी भरा, पण प्रत्येक रकाना त्यांच्या हातावर लिहून, विचारून भरा.

अजून एक, नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा. बहुविकलांगतेला चालतो, १ लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणीची अट नाही, ओपीडी आणि थेरपी पण त्यात येते, त्यांच्याकडे नोंदणी असलेल्या संस्थेतून अर्ज करायचा. आम्हाला ह्याबद्दल हॉस्पिटलात एकाने सांगितलं नाही. सर्टिफिकेटवर नुसतं कर्णबधिर असतं तर हा मिळालाच नसता.

आता २०१६ च्या कायद्याचं कलम ३८ बघतोय, जास्त आधाराची गरज असलेल्यांना त्यासाठी मागणी करता येते. बरोबर येऊन हातावर सांगणारा प्रशिक्षित माणूस मिळावा असा अर्ज दादाने स्वतः सांगितला, मी टाइप केला, पुढच्या आठवड्यात देतोय.