नकली माल गळ्यात पडला तर: बँकेचा डिस्प्यूट की १९१५?

तुम्ही हे वाचताय म्हणजे वस्तू हातात आहे, ती नकली आहे याची खात्री पटलेली आहे आणि ॲपवरचं 'रिटर्न' प्रकरण फसलेलं आहे, असं धरून चालतो. ते अजून केलं नसेल तर आधी करा, फसेल हे माहीत असलं तरी करा. कारण पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न 'कंपनीला कळवलं होतं का' हाच येतो.

त्यानंतर दोन वाटा उरतात. पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेत डिस्प्यूट टाकायचा, म्हणजे चार्जबॅक (दुकानदाराला गेलेले पैसे बँकेमार्फत उलटे फिरवून घेणं) मागायचा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मी बुटांच्या एकाच जोडासाठी या दोन्ही वाटा तुडवल्या, आणि पुढे एका मेमरी कार्डासाठी फक्त दुसरी. तेव्हा हे मत दोनच अनुभवांवर बेतलेलं आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

बूट मुलासाठी घेतले होते, साधारण साडेतीन हजारांचे. खोक्यावरचा स्टाइल कोड एक आणि बुटाच्या आतल्या लेबलावरचा दुसराच. नेटवर तो दुसरा कोड टाकला तर भलत्याच रंगाचा बायकांचा बूट दिसत होता. आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवर त्या ब्रँडची शोरूम आहे, तिथल्या पोराने शिवण बघूनच मान हलवली. लिहून मात्र काही दिलं नाही. 'साहेब, आम्हाला परवानगी नाही.' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ॲपवर रिटर्न टाकला. पिकअपला मुलगा आला. त्याच्या मोबाइलवरचं ॲप त्याला विचारत होतं: वस्तू फोटोसारखी आहे का, लेबल जुळतं का. त्याने प्रामाणिकपणे 'नाही' दाबलं आणि पिकअप रद्द झाला. नकली आहेत म्हणून मी परत करतोय आणि नकली आहेत म्हणूनच हे परत घेत नाहीत! 'काका, मी काय करू, पुढचं पानच उघडत नाही,' तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. असं दोनदा झालं, तेवढ्यात परतीची मुदत संपली.

मग बँक. पैसे क्रेडिट कार्डावरून गेले होते आणि सगळ्यांनी हाच सल्ला दिला. सुरुवातीला फार बरं वाटतं, हे कबूल करायला हवं. फॉर्म छोटा, फोनवरची बाई समजूतदार, आणि नवव्या दिवशी रक्कम तात्पुरती का होईना, कार्डावर जमा. मी दोन-चार जणांना फुशारकीने सांगूनही टाकलं.

सात आठवड्यांनी ती रक्कम परत कापून घेतली. सोबत दुकानदाराकडून आलेला कागद होता: डिलिव्हरीची तारीख, आमच्या दारावरचा ओटीपी आणि खोक्याचा फोटो. माल पोचला, सबब दावा फेटाळला.

माल पोचला नाही असं मी म्हटलंच कुठे होतं? पोचला, म्हणून तर नकली आहे हे कळलं! खोदून विचारल्यावर उलगडा झाला. कार्ड कंपन्यांच्या नियमांत प्रत्येक तक्रारीला कारणाचा कोड असतो. व्हिसाचंच उदाहरण घेतलं तर माल मिळालाच नाही यासाठी १३.१, वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष आहे यासाठी १३.३, आणि नकली मालासाठी स्वतंत्र १३.४. माझी तक्रार १३.१ मध्ये टाकली गेली होती. कोणी टाकली, का टाकली, देव जाणे. मी फॉर्मवर 'माल' आणि 'मिळाला' असे दोन्ही शब्द लिहिले होते, तेवढं पुरलं असावं.

तेव्हा बँकेच्या वाटेने जाणार असाल तर फोनवरच स्पष्ट विचारा की कोणतं कारण टाकताय, आणि ते ईमेलवर लिहून घ्या. दुसरं, 'नकली' हा शब्द आपल्याला भारी वाटतो, पण तिथे तो महागात पडतो. त्या कोडखाली ब्रँडचं किंवा जाणकाराचं मत मागतात, आणि शोरूमचा पोरगा लिहून देत नाही हे वर सांगितलंच. 'वर्णनाप्रमाणे नाही' हे सिद्ध करणं सोपं: जाहिरातीचा स्क्रीनशॉट एका बाजूला, लेबलचा फोटो दुसऱ्या बाजूला. शिवाय परत करायचा प्रयत्न केला होता हे दाखवावं लागतं. रद्द झालेल्या पिकअपचे मेसेज तिथे कामाला येतात. मुदत बहुतेकदा १२० दिवसांची असते, पण बँका आपापली घाई लावतात, म्हणून महिन्याच्या आत टाकलेलं बरं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर कदाचित मी इथे बँकेचं कौतुक करत बसलो असतो. पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. माझं म्हणणं दुसऱ्याच कोणीतरी एका कप्प्यात टाकलं, पुढची सगळी लढाई त्या कप्प्याची झाली, आणि मला ते निकाल लागल्यावर समजलं.

१९१५ वर हा जाच नाही. फोन सकाळी ८ ते रात्री ८ चालतो, मराठीत बोलता येतं, व्हॉट्सॲपचा क्रमांक ८८००००१९१५. मी तक्रार संकेतस्थळावर लिहिली, कारण तिथे सविस्तर म्हणणं मांडायला जागा मिळते आणि पुरावे जोडता येतात. तक्रारीला डॉकेट क्रमांक मिळतो, ती कंपनीकडे जाते, कंपनीचं उत्तर तुम्हाला दिसतं.

दोष आहेत, आणि लहान नाहीत. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. तिला आदेश देता येत नाही, फक्त मध्यस्थी करता येते. ज्या कंपन्या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत त्या पटकन बोलतात, बाकीच्यांना पत्र जातं आणि कधीकधी तिथेच राहतं. माझी पहिली तक्रार सहाव्या दिवशी बंद झाली. कंपनीचं उत्तर होतं, 'परतीची मुदत संपली आहे, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, विक्रेत्याशी संपर्क साधावा.' आणि शेजारी शेरा: निकाली. डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण इथे एक फरक होता. तक्रार बंद झाली तरी माझेच शब्द घेऊन बंद झाली होती, त्यामुळे तेच शब्द आणखी घट्ट करून पुन्हा टाकता आले. दुसऱ्या वेळी मी जुना डॉकेट क्रमांक दिला आणि साधारण असं लिहिलं: 'माल पोचला याबद्दल वाद नाही. पोचलेला माल जाहिरातीतला नाही. दोन लेबलांचे फोटो जोडले आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे बनावट किंवा जाहिरातीसारखा नसलेला माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तुमच्याच पिकअपने दोनदा वस्तू जुळत नाही म्हणून नोंद केली आहे.' शेवटचं वाक्य लिहिताना मलाच गंमत वाटली. ज्या नोंदीने माझा रिटर्न अडवला होता तीच आता माझी साक्षीदार झाली होती.

त्याच नियमांत आहे की तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. मागितल्यास विक्रेत्याचा तपशीलही द्यावा लागतो. तो मागाच. माझा अंदाज असा की नियमांपेक्षा या मागणीनेच काम केलं, कारण दोन दिवसांत सूर बदलला. आधी वॉलेटमध्ये पैसे देऊ म्हणाले. नको म्हटलं, ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने परत द्या. सोळाव्या दिवशी कार्डावर पूर्ण रक्कम आली आणि यावेळी ती राहिली.

मेमरी कार्डाचं थोडक्यात सांगतो. जिन्यातल्या कॅमेऱ्यासाठी २५६ जीबीचं घेतलं, पैसे यूपीआयने दिले. ३० जीबीच्या पुढचं रेकॉर्डिंग उघडेना. असल्या कार्डांत आतली चिप खोटी क्षमता सांगते आणि जागा संपली की जुन्यावरच लिहीत सुटते. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून परत वाचतं आणि किती गायब झालं ते आकड्यात सांगतं. तो रिपोर्ट जोडला. यूपीआय ॲपमधल्या तक्रारीत हात घालून पाहिला, पण व्यवहार 'यशस्वी' होता, आणि तिथली सगळी मदत अडकलेल्या व्यवहारांसाठीच असावी असं दिसलं. १९१५ वरून अकराव्या दिवशी पैसे आले. शोरूमच्या कुणाची मिनतवारी नाही, कारण पुरावा मशीनने दिला होता.

बँकेची बाजू घ्यायची तर एका ठिकाणी ती निःसंशय सरस आहे. ठाण्याच्या एका मित्राने जाहिरातीत दिसलेल्या कुठल्याशा साइटवरून घड्याळ मागवलं, आलं ते खेळणं, आणि पुढच्या आठवड्यात साइटच गायब. तिथे १९१५ कोणाला पत्र पाठवणार? त्याने कार्डाचा डिस्प्यूट टाकला, समोरून कोणी उत्तर दिलं नाही, पैसे आले आणि टिकले. समोरचा बोलतच नसेल तेव्हा चार्जबॅक उत्तम. समोर कागद तयार करणारा पगारी विभाग बसलेला असेल तेव्हा मात्र मला वाटतं, तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत जाणं जास्त महत्त्वाचं. (आणि साइट मुळातच फसवी असेल, तर सायबर गुन्ह्यांची १९३० वेगळी आहे, तीही लगेच लावा.)

दोन्ही एकदम चालवावं का? चालतं. मी तसं केलं नाही. बँकेचा दावा चालू असताना कंपनी 'प्रकरण बँकेकडे आहे' म्हणून हात झटकेल अशी भीती होती. खरंच झटकते का, हे करून पाहिलेल्यांनाच विचारा.

तिसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची आणि दावा आपण राहतो त्याच जिल्ह्यात टाकता येतो. वस्तू तपासायला प्रयोगशाळेत पाठवायची सोयही कायद्यात आहे. कायदा तीन महिने म्हणतो, तपासणी असेल तर पाच. तारखांचा अनुभव असलेले लोक यावर नुसते हसतात. मी अर्ज भरून ठेवला होता, दाखल करायची वेळ आली नाही. मात्र दुसऱ्या तक्रारीत 'आयोगाचा अर्ज तयार आहे' असं एक वाक्य टाकलं होतं आणि ते खरं होतं, एवढं सांगतो. रक्कम मोठी असेल, औषध किंवा विजेच्या वस्तूसारखा जिवाशी खेळ असेल, तर तिथपर्यंत जावंच. साडेतीन हजारांच्या बुटांसाठी गेलो असतो का? बायको म्हणते, गेला असतास.

बूट अजून घरातच आहेत. पैसे जमा झाल्यावर कंपनीने वस्तू परत नेण्यासाठी पिकअप लावला. तोच मुलगा आला, त्याच्या ॲपने पुन्हा विचारलं, वस्तू फोटोसारखी आहे का, आणि त्याने माझ्याकडे बघत 'नाही' दाबलं.