सत्तरीचं कार्ड की रेशनकार्ड?

कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: आईबाबांच्या मोफत उपचारांसाठी केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं, की राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना पुरेल?

वय वंदनाला एकच अट, आधारवर वय ७० पूर्ण हवं. उत्पन्न विचारत नाहीत. फ्लॅट स्वतःचा असो, मेडिक्लेम असो, चालतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण आजीआजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. इथेच बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. पुण्यात निवृत्त केंद्रीय कर्मचारी नि माजी सैनिक भरपूर. त्यांच्याकडे सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ती योजना किंवा वय वंदना, एकच निवडावं लागतं. माझं मत विचाराल तर त्यांनी आहे ते सोडायची घाई करू नये, कारण तिथे ओपीडी आणि रोजची औषधंही मिळतात.

फुले योजना वयावर नाही, शिधापत्रिकेवर चालते. पूर्वी पिवळं-केशरी कार्डच प्रामुख्याने लागायचं, आता पांढरंही चालतं. मर्यादा इथेही ५ लाख, पण अख्ख्या कुटुंबाची. अडतं ते कागदावर: सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, बाळाचं कुठेच नाही. दवाखान्यात भरती व्हायच्या आधीच परिमंडळ कार्यालयात, म्हणजे रेशनकार्डाच्या सरकारी कचेरीत, जाऊन नावं चढवून घ्या.

घरात सत्तरीचं कुणी नसेल तर प्रश्नच मिटला, रेशनकार्ड शोधा.