जुनं क्वेकर पुस्तक, नवी छपाई : मजकुराला पाच स्टार, बाइंडिंगला दोन

पुस्तक हातात पडून तीन आठवडे झाले, आता लिहितो. ऑनलाइन मागवलेलं, 549 रुपये, डिलिव्हरीचे 60 वेगळे. अमेरिका इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हा तिथल्या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुलामीविरुद्ध जे लिहिलं त्यातलं निवडक, असा संग्रह आहे. सेलरचं नाव देत नाही, कारण त्याच्याशी भांडण अजून चालू आहे आणि मला पैसे परत हवेत.

मागवलं का, तर फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना, एवढं शाळेपासून माहीत होतं. पण ते लोक कोण, त्यांनी सुरुवात कुठून केली, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पार्सलवर क्वेकर वाचून बायको म्हणाली ओट्स मागवलेत का. ओट्सवाल्यांचा या पंथाशी काही संबंध नाही, नुसतं नाव उचललंय.

आधी माल कसा आहे ते. ऑर्डर आली की एक कॉपी छापायची तसला प्रकार, कुठल्यातरी लायब्ररीतलं जुनं पुस्तक स्कॅन करायचं, गोंद फासायचा, द्यायचं पाठवून. कव्हर चकाचक, कागद पांढराफटक, ट्यूबलाइटखाली डोळ्यावर येतो. तीन पानांवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय, अगदी नखासकट. मी करी रोडला चढतो, सीएसएमटीपर्यंत उभ्यानंच वाचायचं म्हणजे पुस्तक एका हातात, तर चौथ्या दिवशी भायखळ्याला मधली आठ पानं सुटली आणि खाली बसलेल्या काकांच्या डब्याच्या पिशवीत जाऊन पडली. काकांनी एकेक पान झटकून दिलं वर विचारलं, पोथी आहे का?

आता आतलं. पहिलाच कागद 1688 चा, फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमधला, गुलामीविरुद्ध पंथाच्या सभेला केलेला अर्ज. चार माणसांच्या सह्या, त्यात पास्टोरियस नावाचा शिकलेला वकील आणि ऑप डेन ग्राफ आडनावाचे दोन भाऊ, धंद्यानं विणकर. (आमचे आजोबा मिलमध्ये साच्यावर होते, त्यामुळे विणकर म्हटलं की मी जरा सावरून बसतो.) हे लोक विचारतात की युरोपात धर्मावरून माणसं छळली जातात, इथं रंगावरून, फरक काय? आणि पुढचा प्रश्न तर फार अडचणीचा आहे. क्वेकर लोक हत्यार उचलत नाहीत, तो त्यांचा धर्म, मग उद्या गुलाम उठले तर मालक तलवार घेऊन त्यांच्यावर जाणार का? तुम्हाला त्यांना गुलाम ठेवायचा जेवढा हक्क तेवढाच त्यांना स्वातंत्र्यासाठी लढायचा नाही का? पेनसिल्व्हेनिया वसवून जेमतेम सहा-सात वर्षं झालेली आणि ज्यानं ती वसवली त्या विल्यम पेनकडे स्वतःकडेच गुलाम होते, हे लक्षात घेऊन वाचा.

त्या अर्जाचं काय झालं ते वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. पंथाची मासिक सभा म्हणाली विषय फार जड आहे, वर पाठवा. तिमाही सभेनं वार्षिक सभेकडे ढकलला. बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेनं ठरवलं की यावर निकाल देणं आपलं काम नाही, आणि अर्ज गेला कागदांच्या गठ्ठ्यात तो थेट 1844 साली सापडला. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, सहावं वर्ष. विषय कसा मारायचा ते मला कोणी शिकवू नये. विरोध करायचाच नाही, फक्त म्हणायचं विषय महत्त्वाचा आहे, सविस्तर चर्चा व्हावी. क्वेकरांचं तर मतदानही नसतं, सगळे गप्प बसतात, कोणाला आतून वाटलं तर उठून बोलतो, आणि क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा, सभेचा सूर ओळखून इतिवृत्तात निर्णय लिहितो. म्हणजे पैसेवाले चार जण नुसते गप्प राहिले तरी विषय बारगळतो. 1696 ला एवढंच ठरलं की नवीन गुलाम आणायला उत्तेजन देऊ नका. नुसता सल्ला!

मग येतो बेंजामिन ले. चार फुटाचा माणूस, पाठीला कुबड, आधी खलाशी, मग बार्बाडोसला दुकान. तिथं उसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे हाल रोज डोळ्यासमोर, त्यानंतर हा माणूस कधी स्वस्थ बसलाच नाही. फिलाडेल्फियाजवळ ॲबिंग्टनला गुहेवजा घरात राहायचा, मांस नाही, साखर नाही, कपडे स्वतः कातून विणून. 1738 साली बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत हा झग्याखाली फौजी कोट आणि तलवार लपवून गेला, हातात पोखरलेलं पुस्तक, आत लालभडक फळांच्या रसानं भरलेला फुगा. म्हणाला तुम्ही माणसांना गुलाम ठेवता म्हणजे त्यांच्या काळजात तलवारच खुपसता, आणि खुपसली पुस्तकात. लाल शिंतोडे आजूबाजूच्या गुलामवाल्यांच्या अंगावर. उचलून बाहेर टाकला. पंथातूनही काढला. (आमच्या सोसायटीच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, एकदा एका मेंबरनं गळक्या टाकीचं पाणी बाटलीत आणून टेबलावर ओतलं होतं, त्याच्यापुढे ते काहीच नाही.)

लेचं 1737 चं पुस्तक छापलं बेंजामिन फ्रँकलिननं, पण छापणारा म्हणून स्वतःचं नाव घातलं नाही. धंदा म्हणजे धंदा. ह्या भागात मला पानं उलटीसुलटी वाटली, विषय मध्येच तुटतो, परत येतो, मी सेलरला तावातावानं फोटो पाठवले. नंतर कळलं की मूळच तसं आहे. गोष्ट सांगतात की फ्रँकलिन म्हणाला अरे याला काही क्रम नाही, तर ले म्हणाला तुला आवडेल ते आधी छाप. तेव्हा त्या तक्रारीपुरता सेलरला मी सॉरी म्हटलं, बाकीच्या तक्रारी कायम.

पण संग्रह घ्यायचा तो जॉन वूलमनसाठी. न्यू जर्सीतला शिंपी, 1720 चा जन्म. विशीत दुकानात नोकरीला असताना मालक म्हणाला, एक निग्रो बाई विकलीय, खरेदीपत्र लिही, गिऱ्हाईक थांबलंय. गिऱ्हाईक म्हणजे पंथातलाच एक म्हातारा सज्जन. याच्या पोटात कालवलं, पण लिहिलं. लिहिताना दोघांसमोर म्हणाला की गुलाम ठेवणं आपल्या धर्मात बसत नाही असं मला वाटतं. बस. पण लिहिलं तर होतंच, आणि ते त्याला कायम सलत राहिलं. त्या बाईचं नाव अख्ख्या मजकुरात नाही, वूलमनही देत नाही. गुलाम असलेल्या माणसाचा स्वतःचा एकही शब्द या संग्रहात नाही, ही माझी मजकुराबद्दलची एकमेव तक्रार, स्टार कापत नाही पण सांगून ठेवतो.

पुढे एक शेजारी दुखणं घेऊन पडला, म्हणाला मृत्युपत्र लिहून दे. वूलमननं सगळं लिहिलं, फक्त गुलाम मुलगी कोणाला द्यायची ती ओळ सोडली. खाटेजवळ बसून वाचून दाखवलं, म्हणाला एवढं माझ्या हातून होणार नाही, पैसे देऊ नकोस, ती ओळ दुसऱ्या कोणाकडून लिहून घे. आरडाओरडा नाही, तलवार नाही. दोघं बोलत बसले आणि शेवटी तो माणूस तिला मोकळं करायला तयार झाला, मग मृत्युपत्र पुरं झालं. ही दोन पानं मी दादरला उतरून बाकावर बसून वाचली, उतरायचं नव्हतं तिथं.

मालकांच्या घरी मुक्काम पडला तर निघताना हा तिथल्या गुलामांसाठी चांदीची छोटी नाणी द्यायचा, तुमच्या कामाचे पैसे म्हणून. यजमानाला किती अवघड होत असेल! 1758 च्या वार्षिक सभेत हा उठून बोलला आणि तिथं गाडी हलली. गुलाम विकणाऱ्या-घेणाऱ्यांना पंथाच्या कारभारात बसायला बंदी, आणि घरोघर जाऊन समजवायला माणसं नेमली, त्यात हाही. ले तेव्हा जिवंत होता, बातमी त्याच्यापर्यंत पोचली, पुढच्या वर्षी गेला. गुलाम ठेवणाऱ्यालाच पंथाबाहेर काढायचं हे ठरायला 1776 उजाडलं. जर्मनटाउनच्या अर्जापासून 88 वर्षं. आणि त्यानंतरही त्यांच्या सभांमधून काळ्या लोकांचे बाक वेगळेच असायचे. वूलमन तोवर नव्हता, 1772 ला इंग्लंडात यॉर्कला देवीच्या रोगानं गेला.

अँथनी बेनेझेटवर फक्त बारा पानं आहेत, अन्याय आहे. फ्रान्समध्ये जन्मलेला मास्तर, 1750 पासून संध्याकाळी स्वतःच्या घरी काळ्या मुलांना शिकवायचा. त्यातली चार पानं तीच, काकांच्या पिशवीत पडलेली. एक अजून सापडत नाही.

घ्यावं का? घ्या, पण ही कॉपी नको, फोर्टला फूटपाथवर जुनी मिळते का बघा, किंवा थोडे जास्त पैसे टाकून शिवलेल्या बांधणीची घ्या. सेलर म्हणतो अर्धे परत देतो, मी म्हटलं पूर्ण. तो म्हणतो वर कळवतो.

आणि एक. आमच्या टॉवरमध्ये लिफ्टजवळ नोटीस आहे, घरकाम करणाऱ्या बायकांनी मागची लिफ्ट वापरावी. 2019 ची. टाइप मी केली होती, कमिटीनं सांगितलं म्हणून, खाली सही माझी. ही एजीएमच्या अजेंड्यावर घेतलीय, सात नंबरला, पार्किंगनंतर.